टाळू : वरची आणि आतली

आपल्याकडच्या प्लास्टिक सर्जरीचा इतिहास सांगायचा झाला की बहुतेक जण कावसजीपासून सुरुवात करतात. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा हा मराठा गाडीवान. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचं नाक व एक हात कापला. पुढे पुण्याजवळ वीट-कुंभारकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्याच्या इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिगत चित्रासह छापून आली आणि वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यू या सर्जनने लंडनमध्ये त्याच रीतीने नाक केलं. छापलेल्या हकिगतीत कावसजीचं नाव आहे, नाक करणाऱ्याचं नाही.

त्या काळी पुण्याहून मुंबईला जायचा मुख्य रस्ता बोरघाटाचा. घाट उतरला की खोपोली, तिथे नाना फडणवीसांनी बांधलेलं तळं आणि महादेवाचं देऊळ, पुढे खालापूर. मी गेली काही वर्षं याच पट्ट्यात, नेरळ, दामत, ममदापूरपासून खालापूर-खोपोलीपर्यंतच्या मुस्लिम मोहल्ल्यांत, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा करत फिरतो. विचारायला जातो कुळकायदा, भाताच्या गिरण्या, नेरळहून माथेरानला १९०७ मध्ये आगगाडी नेणारे आदमजी पीरभॉय. पुरुष त्यावर भरभरून बोलतात. बायका मात्र थोड्या वेळाने बाळंतपणांवर येतात. किती झाली, किती जगली, किती गेली. या गेलेल्या मुलांचा इतिहास कुठल्याच गॅझेटियरमध्ये नाही. आणि मला आता वाटू लागलं आहे की चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचा जो इतिहास आपण अभिमानाने सांगतो, त्याला ही मुलं जोडल्याशिवाय तो अर्धाच आहे. ऑपरेशन करून घ्यायला आधी मूल जगावं लागतं आणि जगायला दूध पोटात जावं लागतं.

माझ्या वडिलांच्या चुलत बहिणीने, म्हणजे आमच्या फुपीने, सांगितलेली गोष्ट १९८० ची आहे. तेव्हा हा जिल्हा कुलाबाच होता; अंतुले मुख्यमंत्री असताना १९८१ मध्ये त्याचा रायगड झाला. फुपीचं पहिलं मूल जुलैच्या पावसात घरीच जन्मलं. गोरंगोमटं, ओठ-नाक सगळं जागच्या जागी. सासूने रीतीप्रमाणे कानात अजान द्यायला घरच्या बुजुर्गांना बोलावलं आणि मग स्वतः तहनीक केली. खजूर चावून मऊ करायचा, बोटाच्या टोकावर घ्यायचा आणि बाळाच्या टाळूला आतून चोळायचा, ही तहनीक. अरबीत ‘हनक’ म्हणजेच टाळू. शब्द त्यावरूनच आला आहे. सासूचं बोट आत फिरलं, क्षणभर थांबलं आणि बाहेर आलं. ती काही बोलली नाही.

पहिल्या दिवसापासून बाळ स्तनाला लागायचं, तोंड हलवायचं, पण गिळल्याचा आवाज येत नसे. दूध नाकातून परत यायचं. अर्धा-पाऊण तास पाजलं तरी पोट रिकामंच, मग थकून झोपायचं. शेजारणी म्हणाल्या, गुणी बाळ आहे, रडत नाही. सुईणीने कापसाचा बोळा दुधात भिजवून तोंडात पिळून पाहिला. तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, फुपीला दूध कमी आहे म्हणाले आणि बाटली लिहून दिली. तोंड उघडून पाहिलं नाही. बाटलीनेही तेच झालं, कारण बाटलीही ओढूनच प्यायची असते. विसाव्या दिवशी बाळ गेलं. चाळिसावा झाल्यावर सासूने सांगितलं की तहनीकच्या वेळी बोटाला वर पोकळ लागलं होतं, टाळू मध्येच संपत होती. ‘तेव्हा बोलले असते तर तुझा धीर सुटला असता,’ असं ती म्हणाली. फुपी ही गोष्ट सांगते तेव्हा सासूला दोष देत नाही. मीही देणार नाही. त्या बाईच्या बोटाने जे ओळखलं ते त्या दवाखान्यात ओळखलं गेलं नव्हतं. ओळखल्यावर काय करायचं, हे मात्र तिला कोणी शिकवलं नव्हतं.

मराठीत ‘टाळू’ हा शब्द दोन जागांसाठी वापरतात. एक डोक्यावरची मऊ जागा, जिथे आपण तेल घालून टाळू भरतो. दुसरी तोंडातली, जिभेच्या वरचं छत. डॉक्टर ‘बाळाची टाळू फाटलेली आहे’ म्हणाले की घरातल्या बाया घाबरून बाळाचं डोकं चाचपतात, हे मी स्वतः ऐकलेलं आहे. गंमत बाजूला ठेवली तर या दोन टाळवांचा संबंध खरा आहे. आतली टाळू जुळलेली नसली की दूध पोटात जात नाही, अंगातलं पाणी कमी होतं आणि मग वरची टाळू खोल बसते. फुपीच्या बाळाची वरची टाळू बसलेली सगळ्यांना दिसत होती. तिच्यावर तेल घालणं चालू होतं.

दूध पिणं म्हणजे नेमकं काय हे इथे सांगायला हवं. बाळ ओठांनी स्तन घट्ट धरतं, जीभ खाली जाते, मऊ टाळू मागे वर उचलून नाकाकडची वाट बंद करते आणि तोंडात जी पोकळी तयार होते तिच्यामुळे दूध ओढलं जातं. छताला भोक असलं की ही ओढ तयारच होत नाही. फुटक्या नळीने सरबत प्यायल्यासारखं होतं. नुसता ओठ फाटलेला असेल तर पुष्कळ मुलं आईचं दूध पिऊ शकतात. आईने फट बोटाने किंवा स्तनाने झाकली की काम भागतं. म्हणजे जे व्यंग चेहऱ्यावर दिसतं, ज्याची लोक चर्चा करतात, त्याने मूल उपाशी मरायची भीती कमी. जे दिसत नाही, त्याने जास्त. साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एका मुलाला ओठाची किंवा टाळूची अशी फट असते, म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट नाही. कर्जत-खालापूरसारख्या दोन तालुक्यांत दर वर्षी अशी काही मुलं जन्माला येणारच.

ग्रहणाचा विषय टाळून चालणार नाही, कारण फुपीच्या दुःखात त्याची भर पडली होती. १६ फेब्रुवारी १९८० ला मोठं सूर्यग्रहण होतं. खग्रास पट्टा कारवारकडून ओडिशाकडे गेला, आपल्याकडे ते खंडग्रास दिसलं, आणि रस्ते ओस पडले. फुपीने त्या दिवशी सुरीला हात लावला होता की नाही, यावर तिच्या माहेरी आणि सासरी बरीच वर्षं वाद झाला. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरलं की मुलाचा ओठ चिरतो ही समजूत हिंदू घरांत आहे, तेवढीच आमच्याकडेही आहे. वास्तविक मुस्लिम घरात ती असायला नको होती. पैगंबर साहेबांचा दूधपिता मुलगा इब्राहीम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण झालं आणि मदिनेत लोक म्हणू लागले की सूर्यानेही शोक केला. तेव्हा त्यांनी स्वतः लोकांना सांगितलं की सूर्य आणि चंद्र यांना कोणाच्या मरणाने किंवा जगण्याने ग्रहण लागत नाही. खगोल अभ्यासक ते ग्रहण २७ जानेवारी ६३२ चं धरतात. मुलगा गमावलेल्या बापाने सांगितलेली ही गोष्ट. आमच्या मोहल्ल्यात ती जुम्म्याच्या बयानात ऐकायला मिळते, आणि घरी आल्यावर सुनेला ग्रहणात कोपऱ्यात बसवलं जातं.

शिवाय हिशेबही जुळत नाही. ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत आणि टाळू तिसऱ्या महिन्याच्या आत जुळून होते. ग्रहणाच्या दिवशी फुपीला चौथा महिना सरत आला होता. जे व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं. बऱ्याच बायकांच्या बाबतीत तर ते दिवस गेल्याचं नीट कळायच्याच सुमारास घडतं. कारणं अनेक असतात. काही घराण्यातून येतात, काही विशिष्ट औषधांमुळे, तंबाखूच्या धुरामुळे, काही कळतच नाहीत.

आता या इतिहासातल्या डॉक्टरांकडे येऊ. पंढरपूरला जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित १९६८ पासून दर वर्षी भारतात येऊन फुकट शिबिरं घेत. अपघातानंतर ते चाकाच्या खुर्चीत होते, स्वरयंत्राच्या कॅन्सरने आवाज गेलेला होता, तरी त्यांनी हजारो फाटलेले ओठ शिवले. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये ते गेले. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत त्यांच्या शिबिरांच्या रांगा लोकांना आजही आठवतात. या कामाबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण त्या रांगेत उभं राहणारं मूल जगलेलं मूल असायचं. सर्जन लोकांचा जुना दहाचा नियम आहे : ओठ शिवायला बाळ दहा आठवड्यांचं हवं, दहा पौंडांचं म्हणजे साडेचार किलोचं हवं आणि रक्तात हिमोग्लोबिन दहा हवं. टाळूचं ऑपरेशन त्याहून मोठं, पूर्ण भूल देऊन करायचं, ते साधारण नऊ महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान. ज्याला दूधच ओढता येत नाही ते साडेचार किलोचं कसं व्हायचं? सर्जनच्या टेबलापर्यंत पोचण्याची वाट वाटी-चमच्यातून जाते.

ही गोष्ट एका प्लास्टिक सर्जनलाच फार लवकर उमगली होती आणि त्यांचा आपल्या जिल्ह्याशी थेट संबंध आहे. डॉ. नोशीर अंतिया हे इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकले. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला, कुष्ठरोग्यांचे हात आणि चेहरे दुरुस्त केले. असा माणूस १९७० च्या दशकात अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला गेला. तिथल्या गावांतल्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं आणि सांगितलं की गावातलं बहुतेक दुखणं याच ओळखू शकतात, बरं करू शकतात. त्या बायकांनी ते करून दाखवलं. स्थानिक पुढाऱ्यांना ते रुचलं नाही आणि मांडव्याचं काम पुढे बंद पडलं. जे.जे. मधल्या टेबलाशी पोचणाऱ्या प्रत्येक रुग्णामागे न पोचलेले किती, याचा अंदाज त्यांना तिथल्या रांगेतूनच आला असावा, असं मला वाटतं.

मांडव्याचा धागा पुढे गडचिरोलीत दिसतो. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बाईला नवजात बाळ तपासायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई घरी जाऊन बाळ पाहू लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. फुपीचं बाळ वीस दिवस जगलं. आज असतं तर तेवढ्यात आशाताईच्या चार फेऱ्या झाल्या असत्या.

त्यात आणखी एक भर पडली. ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरमध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मतः व्यंग असलेल्या मुलांना शोधायचं आणि सरकारी खर्चाने उपचारापर्यंत न्यायचं, हा त्याचा हेतू. फाटलेला ओठ आणि टाळू त्या यादीत आहेत. आमच्या जव्हार-मोखाड्याच्या शेजारी याची सुरुवात झाली हे पुष्कळांना माहीत नसतं.

तरी यादीत नाव असणं वेगळं आणि तोंडात पाहणं वेगळं. ब्रिटनसारख्या देशातही फक्त आतली टाळू फाटलेली मुलं पहिल्या तपासणीत निसटत होती. म्हणून २०१४ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने सांगितलं की नुसतं बोट फिरवून थांबू नका. जीभ खाली दाबा, टॉर्चचा उजेड टाका आणि टाळूचं मागचं टोक, पडजीभ दिसेपर्यंत पाहा. कारण फट कधी फक्त मागच्या मऊ भागात असते, तिथे बोट पोचत नाही. कधी वरून पातळ त्वचा धरलेली असते आणि आतले स्नायू फाटलेले असतात. तेव्हा पडजीभ बऱ्याचदा दोन टोकांची दिसते, ती एक खूण. तहनीक करणाऱ्या आमच्या बुजुर्ग बायकांना मी हे सांगतो तेव्हा त्या लक्ष देऊन ऐकतात, कारण टाळूला हात लावायची रीत त्यांची आहे. सोबत हेही सांगतो की चाटवायला मध नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून जंतूंची घातक विषबाधा होऊ शकते. चावलेला घास, घुट्टी, साखरेचं पाणी यांपेक्षा आईचा चीक आधी.

चेहऱ्याच्या आणखी काही ठेवणी दूध अडवतात. हनुवटी फार लहान आणि आत गेलेली असली की जीभ मागे पडते, बाळ उताणं झोपवलं की घरघरतं, निळं पडतं. दूध पिताना श्वास पुरत नाही. १९२३ मध्ये पॅरिसच्या पिएर रोबँ या डॉक्टरांनी मागे पडणाऱ्या जिभेचं हे दुखणं मांडलं, आज ते त्यांच्याच नावाने ओळखतात. त्यात टाळूही बऱ्याचदा फाटलेली असते. आपल्याकडे ‘हनुवटी आजोबांवर गेली’ म्हणून ते कौतुकात वाहून जातं. अशा बाळाला तातडीने रुग्णालयात न्यायचं, आणि वाटेत कुशीवर किंवा पोटावर धरायचं, डोळ्यांसमोर ठेवून. दुसरं, काही मुलांच्या नाकपुड्या मागून बंद असतात. अशी मुलं रडताना गुलाबी असतात आणि स्तनाला लावली, तोंड बंद झालं की निळी पडतात. रडल्यावर बरं वाटणारं बाळ ही उलटी खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आणि ओळखलं तर पुढे काय? फुपीच्या सासूचा प्रश्न हाच होता. त्याचं उत्तर आपल्या घरातच होतं. ‘बोळ्याने दूध पिणारा’ असं आपण भाबड्या माणसाला म्हणतो, म्हणजे बोळ्याने दूध पाजणं इतकं सर्रास होतं. बोळा अस्वच्छ, दूध पिळलं की श्वासनलिकेत जायचा धोका, म्हणून तो नको. पण बोंडलं होतं. चोच असलेलं ते छोटं भांडं, चांदीचं किंवा पितळेचं, जुन्या घरांत बाळगुटीसाठी असायचं. दक्षिणेत त्यालाच पालडै म्हणतात आणि आज नवजात शिशू कक्षांत कमी दिवसांच्या बाळांना त्यानेच पाजतात. आईने दूध वाटीत काढायचं, बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, बोंडल्याची चोच किंवा चमचा गालाच्या कडेला टेकवून थोडं थोडं सोडायचं, गिळू द्यायचं, मध्ये ढेकर काढायची. भांडं प्रत्येक वेळी उकळलेलं. एक फेरी अर्ध्या तासात आटपायची, त्यापुढे बाळ थकतं. आणि दर आठवड्याला वजन. ज्या १९८० साली फुपीचं बाळ गेलं, त्याच साली इंग्लंडमध्ये मँडी हॅबरमन या बाईला टाळू फाटलेली मुलगी झाली. तिने पुढे काही वर्षं खटपट करून आईला हाताने दूध सोडता येईल अशी बाटली शोधून काढली, ती जगभर गेली. ती बाटली आमच्याकडे परवडत नाही, मिळतही नाही. बोंडल्याचं तत्त्व तेच आहे. बाळाने ओढायचं नाही, पाजणाऱ्याने सोडायचं.

कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळ्याला आणि खालापूर तालुक्यात चौकला ग्रामीण रुग्णालय आहे. पुढचं ऑपरेशन लागलं तर इथली माणसं अलिबागपेक्षा मुंबईच गाठतात, भायखळ्याला उतरून जे.जे. किंवा परळला वाडिया. रेल्वेलाईनवरच्या गावांना हे शक्य आहे. कातकरी वाड्यांचं तसं नाही. भात झोडून झालं की दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. त्या सहा-सात महिन्यांत भट्टीवर जन्मलेलं मूल ना इथल्या आशाताईच्या फेरीत येतं, ना तिथल्या. खालापूर तालुक्यातल्या एका आशाताईंनी मला त्यांची वही दाखवली. गरोदर म्हणून नोंदवलेल्या बायकांपुढे बाळंतपणाची तारीख, बाळाचं वजन, फेऱ्यांच्या खुणा असे रकाने होते. वाडीतल्या चार नावांपुढे ते सगळे रकाने मिळून एकच शब्द लिहिला होता, ‘स्थलांतरित’.